लाल खिडकीवरचं झाकण

फणसवाडी, गिरगाव
१८ नोव्हेंबर १९५५

चि. शरदचंद्र भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याचं जेवून तुम्ही आणि यशोदा दादरच्या ट्रामकडे वळलात आणि घर एकदम रिकामं झालं. आई गॅलरीत उभ्याच. मोतीबिंदूमुळे त्यांना कोपऱ्यापलीकडचं काही दिसत नाही, तरी हात हलवत होत्या. मी म्हटलं, "आई, गेले ते." तर म्हणाल्या, "मला दिसत नसेल, त्याला मी दिसते ना!"

तुमच्या भावाचा नववा कॅमेरा पुरा झाला. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे काढायचे आणि घरी आलं की करवत घेऊन बसायचं. ह्या खेपेला आईंच्या मोडक्या खाटेच्या फळ्या परस्पर कापल्या. आई ओरडल्या, "अरे मनमोहना, माझ्या बाळंतपणाची खाट ती! तू आणि शरद तिच्यावरच झालात." तर म्हणतात, "मग बरंच की, आता तिच्यातून आणखी माणसं बाहेर येतील." आईंना हसू आवरेना.

ह्या नवव्या कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत. चोरबाजारातून दोन भिंगं आणली. खालच्यानं फोटो निघतो आणि वरच्यानं दिसतं. मान खाली घालून पेटीवरच्या दुधी काचेत बघायचं. ती काच कुरुंदाची पूड घालून मी घासली आहे, मनगटं अजून दुखतात. काचेत डावं ते उजवं दिसतं. एकदा हे त्या काचेत शिरले की हाक ऐकू येत नाही. नुसता एक हात वर करतात आणि म्हणतात, "थांब, हलू नकोस." काल दूधवाल्यालाही तेच म्हणाले. तो बिचारा चरवी धरून उभा.

आणखी एक सांगायचं आहे, कारण त्यात माझी करामत आहे. तुमचे आणि यशोदाचे चौपाटीवरचे फोटो आठवतात? प्रत्येकावर लिंबाएवढा पांढरा डाग. ते पेटीच्या पाठीवरच्या लाल काचेमुळे झालं होतं. रोल गुंडाळताना त्या खिडकीतून मागच्या कागदावरचा आकडा वाचायचा असतो. पूर्वीच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, म्हणून ती खिडकी उघडी चाले. हल्ली दुकानदार देतो त्या फिल्मला तो दिसतो, आणि ती उन्हात तिथून करपते. आठ कॅमेरे झाले तरी ह्यांना ते उमगलं नव्हतं. उमगलं तेव्हा झाकण शोधत घरभर फिरले. शेवटी मी माझ्या पितळी करंड्याचं झाकण दिलं. बरोबर बसलं! आतून मखमल चिकटवली आणि एका स्क्रूवर फिरतं केलं. आकडा वाचायचा तेवढ्यापुरतं बाजूला सारायचं. आता माझा करंडा उघडा आणि कुंकू सगळ्या फडताळभर.

आईंचे डोळ्यांचे थेंब संपत आलेत, ते तुमच्या डॉक्टरांकडून पाठवावेत. संक्रांतीला नक्की या.

आपली,
वासंतीवहिनी

*

हिंदू कॉलनी, दादर
२५ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. वहिनींस,
शरदचा साष्टांग नमस्कार.

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. कचेरीतल्या गडबडीत वरवर वाचलं, माफ करा. आईचे थेंब सोबत पाठवतो आहे.

सोमवारी फ्लोरा फाउंटनला काय झालं ते तुम्हांला कळलंच असेल. आमच्या कचेरीत आता कोण कुणाशी काय बोलतो ह्यावर नजर असते. माझं कायम होण्याचं प्रकरण वर गेलं आहे. दादाला सांगा, ती पेटी गळ्यात अडकवून मोर्च्यांतून हिंडू नकोस. तो म्हणेल मी फक्त फोटो काढतो. पण आडनाव आमचं एकच आहे, आणि वरचे लोक नावं वाचतात, फोटो नाही.

मला मुंबई महाराष्ट्रात नको आहे असं नाही. पण ज्याची भाकरी सरकारच्या तव्यावर आहे त्यानं किती ओरडावं?

संक्रांतीला येतो. यशोदाला माहेरी धाडणार आहे, तेव्हा मी एकटाच येईन आणि दोन दिवस आईजवळ राहीन. कोलंबीचं भानोलं करा.

आपला,
शरद

*

फणसवाडी
१२ फेब्रुवारी १९५६

चि. शरदचंद्र भावोजींस,
आशीर्वाद.

पहिली गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या पाकिटावर 'गं. भा. वासंतीवहिनी' असं लिहिलं होतं. पोस्टमननं ते वाचलं आणि मान खाली घातली. रीत आहे, मला ठाऊक आहे. तरी नुसतं वासंती मनमोहन लिहा. ते गेले म्हणून माझ्या नावापुढचं त्यांचं नाव गेलेलं नाही.

तेराव्यानंतर तुम्ही गेलात आणि मी पहिल्यांदा भानावर आले. तोवर लोक येत होते, रडत होते, मी त्यांना पाणी देत होते.

त्यांच्या कचेरीतून पत्र आलं आहे. 'दंगलीत मृत्यू' असं त्यात लिहिलंय. पंचनाम्यात तर, हात काळे होते, जळक्या टायरांची काजळी असावी, असं आहे. भावोजी, तुम्ही तर संक्रांतीला आलेले, त्या दिवशी घरातच होतात. सकाळी चहा घेताना तुम्हीच हसलात ना त्यांच्या हातांना? दहाव्या पेटीला आतून काळं करत होते. समईची काजळी आणि लाखेचा चपडा. आत चकाकी राहू नये म्हणून. ती अर्धी काळी पेटी अजून मागच्या पडवीत वाळते आहे.

मी त्या वेळी शेजारी कमलकडे होते. कर्फ्यू, इस्पितळ लांब, आणि तिला कळा सुरू झालेल्या. बाहेर ओरडा झाला, लोक वाडीत धावत शिरल्याचे आवाज आले, मग वाडीचं दार लावल्याचा आवाज, मग गोळी. मी कमलचा हात धरून होते. तुम्ही माजघरात आईंचा हात धरून होतात. त्यांचा हात धरायला कुणी नव्हतं.

ते समोरच्या फुटपाथवर पिठाच्या गिरणीपाशी उभे होते. त्यांची एक चप्पल तिथे राहिली. पडले रस्त्याच्या मधोमध, म्हणजे दाराकडे धावत आले असणार. दार बंद. आपल्या रखवालदारानं, दगडूनं, असं कसं केलं? बारा महिने ज्याच्या दारावर बसला त्याच्याच तोंडावर लावलं. वाडीच्या सभेत त्याला काढा असं पहिल्यांदा तुम्हीच म्हणालात ते बरं झालं. जाताना तो माझ्या पाया पडायला आला होता. "बाई, मी मागच्या नळावर होतो, देवाशपथ," म्हणाला. मी दार लावून घेतलं.

आता मुख्य. वाडीतल्या पोरांनी पोलिसांची नजर चुकवून रस्त्यावरून उचलून आणला त्या कॅमेऱ्यात रोल होता. पोलिस घरझडतीला येतील म्हणून तुम्ही कॅमेराच दादरला नेलात, रोल धुवून आणतो म्हणालात. एरवी मीच धुतला असता. ह्यांच्याबरोबर किती धुतलेत. पण तेव्हा माझे हात माझे नव्हते. त्या फोटोंत काय असेल ते असो. एवढं तरी दिसेल की त्यांच्या हातात दगड नव्हता, कॅमेरा होता. मला तेवढंच हवं आहे. दंगलखोर हा शब्द त्यांच्या नावावरून पुसायचा आहे.

आई ठीक. रोज विचारतात, "मनमोहन कचेरीतून आला का?" मग स्वतःच देवापुढे जाऊन बसतात.

वासंतीवहिनी

*

दादर
२० फेब्रुवारी १९५६

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

वाईट बातमी द्यावी लागते आहे. रोल धुतला. त्यात काहीही नाही. ती मागची लाल काच. आमच्या चौपाटीच्या फोटोंना झालं होतं तेच, फक्त जास्त. उन्हात इतका वेळ पेटी राहिली, लाल खिडकीतून उजेड शिरला आणि सगळी फिल्म करपली. दादाला मी तेव्हाच म्हटलं होतं, विकतचा कॅमेरा घे. घरी केलेल्या वस्तू ऐन वेळी दगा देतात.

कचेरीच्या पत्राला उत्तर देऊ नका. प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही. दादा तर परत येणार नाही.

दगडूबद्दल मन कठोर ठेवा.

तुमचा,
शरद

*

फणसवाडी
१ मार्च १९५६

चि. शरदचंद्र भावोजींस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. नशीब आपलं.

कॅमेरा आणि ती करपलेली फिल्म, दोन्ही पाठवून द्या. फिल्म कामाची नसली तरी त्यांच्या बोटांनी गुंडाळलेली आहे. आईंच्या खाटेची लाकडं आहेत, घरात राहिलेली बरी.

वासंतीवहिनी

*

दादर
९ एप्रिल १९५६

ती. वहिनींस,
नमस्कार.

उशीर झाला. यशोदाला दिवस गेले आहेत, घरात तिची आजारपणं चालू आहेत. माझा मेहुणा हेरंब गिरगावात येतो आहे, त्याच्याबरोबर कॅमेरा पाठवतो. फिल्म मी टाकून दिली. काळी पट्टी जपून काय करायची होती?

कायम झाल्याचा हुकूम परवा हातात पडला. आईला सांगा, पेढे हेरंबबरोबर आहेत.

शरद

*

फणसवाडी
२७ मे १९५६

चि. शरदचंद्र भावोजींस,

पेढे आईंनी खाल्ले.

कॅमेरा मिळाला त्या दिवशी मी तो उलटा करून पाहिला. पाठीवर माझ्या करंड्याचं झाकण आहे. लाल खिडकीवर घट्ट बसलेलं. आत मखमल. स्क्रू इतका आवळलेला की झाकण सारायला नख लावावं लागतं.

तुम्हांला हे झाकण माहीतच नव्हतं ना? कसं असेल! दिवाळीनंतर मी तुम्हांला त्याच्यावर अर्ध पान लिहिलं होतं. तुम्ही वरवर वाचलंत. बायका पत्रात आपल्या करंड्याबद्दल लिहितात ते कोण वाचतो? तुम्हांला आठवला तो जुना आठवा कॅमेरा, चौपाटीचा. त्याचं दुखणं तुम्ही ह्याला लावलंत.

तरी मी म्हटलं, आपण अन्याय नको करायला. मखमल झिजली असेल, फट राहिली असेल. नवा रोल आणला. तो भरून कॅमेरा दिवसभर गच्चीत उन्हात ठेवला, पाठ सूर्याकडे करून. मग फोटो काढले. जिन्याखालच्या खोलीत फटींना गोधड्या लावल्या आणि रोल स्वतः धुतला. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून परातीत वरखाली, वरखाली, जसं त्यांनी शिकवलं होतं. अंधारात कुणी रडलं तरी कुणाला दिसत नाही ही एक सोय आहे त्या कामात.

बाराच्या बारा फोटो स्वच्छ आले. डाग नाही. त्यांतले दोन छापून सोबत पाठवते.

पहिला आमच्या गच्चीवरच्या तुळशीचा. दुसरा नीट बघा. मी समोरच्या फुटपाथवर, गिरणीच्या पायरीशी, जिथे त्यांची चप्पल होती तिथे उभी राहिले. मान खाली घालून काचेत पाहिलं. तिथून ह्या भिंगातून दुसरं काही मावतच नाही, भावोजी. फक्त वाडीचं दार. दोन्ही कवाडं, अडसर, सगळं. लोक आत शिरत असताना त्यांनी तिथून फोटो काढले असतील तर दारात कोण होतं ते त्या फिल्मवर असणार. दगडू असेल तर दगडू.

दगडूच असेल तर तुम्ही फिल्म का टाकलीत?

मला वाटतं नोकरीसाठी. सरकारी माणसाच्या घरात गोळीबाराचे फोटो सापडू नयेत म्हणून. भ्यालात. असं असेल तर तसं लिहा. भित्रेपणा मला समजतो. मीही त्या दिवशी गोळीचा आवाज ऐकून लगेच बाहेर गेले नव्हते.

वासंती

*

दादर
३ जून १९५६

वहिनी,

तुम्ही मला जाब विचारता? मी गप्प होतो ते तुमच्या आणि आईच्या तोंडाकडे बघून.

होय, फिल्म जाळली. काय होतं तिच्यात? धावणारी माणसं आणि दार. त्यानं दादा निर्दोष ठरला असता? उलट विचारलं असतं, कर्फ्यूत रस्त्यावर काय करत होता? माझं नाव आलं असतं, माझी नोकरी गेली असती, आणि मग आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं कुणी बघितलं असतं? तुमच्या त्या नऊ पेट्यांनी?

आणि दाराचं म्हणाल तर, ज्यानं कुणी लावलं त्यानं वाडी वाचवली. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर होती. दार उघडं असतं तर ते आत घुसले असते. आत बायका होत्या, पोरं होती, तुमची ती कमल होती. एका माणसासाठी दार किती वेळ उघडं ठेवायचं? आणि तो माणूस तरी कसा! दोनदा हाक मारली. दोनदा! मान वर करील तर शपथ. एक हात वर केला आणि म्हणतो, थांब, हलू नकोस. गोळ्या सुटायची वेळ आणि ह्याचं काचेत बघणं चाललंय! ह्याला कुणी काय करावं?

तो स्वतःच्या हौसेनं मेला. हे मी आजवर बोललो नव्हतो, तुम्ही बोलायला लावलंत.

ह्यापुढे ह्या विषयावर पत्र नको.

शरदचंद्र

*

फणसवाडी
७ जून १९५६

शरदचंद्र,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मी पत्रं वरवर वाचत नाही.

गिरणीवाला त्या वेळी फळी लावून आत बसला होता. त्यानं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं, बाहेर कुणीतरी "दादा, दादा" अशी हाक मारली. मी विचारलं नाही, कोण म्हणून. गिरगावात प्रत्येक जण कुणाचा तरी दादा असतो.

तुम्ही माजघरात होतात. आईंचा हात धरून. आईंना तसंच वाटतं. त्यांना एवढंच आठवतं की शरदचा हात गार होता. तुम्ही त्यांच्याजवळ आलात ते नंतर.

ते काय म्हणाले हे मला ठाऊक नव्हतं. जानेवारीपासून मी रोज विचार करते आहे की शेवटचं काय म्हणाले असतील. आता कळलं. थांब, हलू नकोस. तुम्ही दारात उभे होतात, एक हात अडसरावर, आणि त्यांना काचेत धाकटा भाऊ दिसला. त्यांना वाटलं असणार, शरद माझी वाट बघतो आहे. तो फोटो काढून मग धावू. तुम्ही असताना दार बंद होईल असं त्यांच्या मनात तरी कसं येणार?

दगडूला मी शोधून आणलं. भुलेश्वरला एका देवळाच्या पायऱ्यांवर बसायचा. मी म्हटलं, "दगडू, माझं चुकलं. परत चल." तो म्हणाला, "बाई, पोटाला काम द्या, पण ते दार नको." आता गिरणीत पोती उचलतो. पीठ अंगावर घेऊन येतो-जातो आणि वाडीच्या दाराकडे बघत नाही.

मी वाडीतल्यांना सांगितलं, दार दगडूनं लावलं नव्हतं. कुणी, ते सांगितलं नाही. आईंना एकच मुलगा उरला आहे. तो मी त्यांच्याकडून कसा काढून घेऊ? तुम्ही दर महिन्याला त्यांना भेटायला येत जा. मी तेवढा वेळ कमलकडे जाऊन बसेन.

हे मी क्षमा म्हणून करत नाही.

वासंती मनमोहन

*

दादर
१८ एप्रिल १९६०

ती. वहिनींस,
शरदचा साष्टांग नमस्कार.

चार वर्षांत आपलं पत्र नाही. आईच्या दहाव्यालाही आपण एकमेकांशी बोललो नाही. त्यालाही आता दीड वर्ष झालं. पण प्रसंगच असा आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

१ मेला आपलं राज्य होतं आहे. जे आपण सगळ्यांनी मागितलं ते मिळालं. फणसवाडीच्या मंडळानं ठरवलं आहे की त्या दिवशी सकाळी वाडीच्या दारावर दादाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची. 'हुतात्मा मनमोहन विजयकर'. सरकारी यादीत त्याचं नाव नाही, पण वाडीनं तरी त्याला आपला म्हटलं. तुम्हांला जो शब्द पुसायचा होता तो पुसला गेला, वहिनी. मंडळाच्या चिटणिसांनी मला भाऊ म्हणून पाटीवरचा पडदा सारायला बोलावलं आहे. आमच्या साहेबांनीही सुट्टी दिली, वर म्हणाले, "विजयकर, तुम्ही कधी बोलला नाहीत, तुमच्या घरातला हुतात्मा आहे!" काळ कसा बदलतो.

भाषणासाठी दोन शब्द लिहितो आहे. तुम्ही बायकांच्या रांगेत पुढे बसावं असं मंडळाचं म्हणणं.

एक विनंती. पाटीशेजारी हार घालायला दादाचा फोटो हवा. आमच्याकडे शोधला, एकही नाही. तुमच्याकडे असेल तो मोठा करून घेतो. आमचा राजू आता चार वर्षांचा होईल. त्याला काकांचा फोटो दाखवायची इच्छा आहे.

झालं गेलं गंगेला मिळालं असं समजावं.

आपला,
शरद

*

फणसवाडी
२४ एप्रिल १९६०

श्री. शरदचंद्र विजयकर यांस,

पाटीचं मला मंडळानं आधीच सांगितलं होतं. दगड घडवून आला आहे, गिरणीत ठेवला आहे. दगडूनंच तो उचलून आत नेला. अक्षर चांगलं आलंय.

फोटो नाही. नऊ कॅमेरे केलेल्या माणसाचा एकही फोटो नाही, कारण प्रत्येक वेळी तेच मागे उभे असायचे. तुमच्या मुंजीत, तुमच्या लग्नात, चौपाटीवर. राजूला तुमच्या लग्नाचा फोटो दाखवा. त्यात तुम्ही समोर बघून हसता आहात. ज्याच्याकडे बघून हसता आहात, तो त्याचा काका.

हार घालायला काही हवंच असेल तर मी दहावी पेटी देईन. अर्धी काळी केलेली. तिच्यात भिंग नाही.

तो शब्द पुसला गेला म्हणता. पाटीवरून पुसला असेल. त्यांच्या कचेरीच्या कपाटात तो तसाच आहे, पंचनाम्यातही आहे. मी चार वर्षं अर्ज केले. प्रत्येक वेळी उत्तर आलं, पुरावा जोडावा. पुरावा तुम्ही चुलीत घातलात, आणि आता त्याच हातानं पडदा सारणार आहात.

मी मंडळाला काही सांगितलेलं नाही. आई गेल्यावर सांगेन असं मला वाटलं होतं. आईंना पोचवून परत आलात तेव्हा तुम्ही दारापाशी थबकलात, डावीकडून आत शिरायचं की उजवीकडून हे न समजल्यासारखे. ते मी पाहिलं. त्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही. पुढेही वाटलं नाही. मी सांगितलं तर चार दिवस वाडी तुम्हांला बोलेल आणि मग माझी कीव करेल. दोन्ही मला नको आहे.

राज्य झालं ह्याचा मला आनंद आहे. खोटं कशाला लिहू? परवा मुलं ट्रामच्या तारांना पताका बांधत होती तर मीही गॅलरीत उभी राहून पाहिलं, आणि मनात आलं, ह्यांनी ह्याचे किती फोटो काढले असते!

तर मी येईन. बायकांच्या रांगेत बसणार नाही. माझी जागा समोरच्या फुटपाथवर आहे, गिरणीच्या पायरीशी. नववा कॅमेरा घेऊन उभी राहीन. लाल खिडकीवर झाकण आहे. माझ्या कपाळाला करंडा लागत नाही, पण झाकण कामात आहे. रोल भरून ठेवला आहे.

मी गिरणीवाल्याला सांगितलं आहे, गर्दी झाली तरी ती एक पायरी मोकळी ठेवा. मंडळाला सांगितलं आहे की दाराची दोन्ही कवाडं उघडी असू देत, मागे अडसर दिसला पाहिजे. त्यांना वाटलं, बाईला सजावटीची हौस आहे.

तुम्ही वर चढाल, लोक टाळ्या वाजवतील, पडद्याची दोरी हातात घ्याल. तेव्हा एकदा समोर बघा. मी मान खाली घालून काचेत बघत असेन. एक हात वर करेन आणि काय म्हणेन ते तुम्हांला ठाऊक आहे. तेवढं ऐका. ह्या वेळी तरी थांबा.

रोल मी स्वतः धुणार आहे.

वासंती मनमोहन विजयकर